छत्तीस महिन्यांचा हिशेब : अमेरिकी विद्यापीठांतील माजी सैनिक विद्यार्थी

अनुस्वार

अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात मी गणित शिकवते. दर सत्रात माझ्या वर्गांत दोन-तीन तरी माजी सैनिक असतात, आणि इतकी वर्षे मी त्यांच्याकडे ‘वयाने थोडे मोठे, शिस्तीचे विद्यार्थी’ एवढ्याच नजरेने पाहत आले. ही नजर किती अपुरी होती, हे गेल्या सत्रात एका विद्यार्थ्यामुळे कळले. त्याबद्दल इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्वतयारी गणिताचा वर्ग होता. या वर्गाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यास पुरा केल्याचे एकक, पदवीत धरले जात नाही. प्रवेशाच्या वेळच्या चाचणीत कमी गुण मिळालेल्यांना तो सक्तीने करावा लागतो. हा विद्यार्थी तास सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी यायचा, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसायचा आणि हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही उघडून पानाच्या कोपऱ्यात आधी तारीख व चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहायचा. बाकीची मुले अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि हा सत्तावीस वर्षांचा.

एकदा तो शंका विचारायला माझ्या खोलीवर आला आणि जाता जाता म्हणाला, “वर्तुळाचे ३६० भाग का करतात? आम्ही ६४०० करायचो.” तो तोफखान्यात होता. तोफखान्यात कोन ‘मिल’मध्ये मोजतात आणि पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल धरतात, कारण एक मिल म्हणजे हजार मीटर अंतरावर साधारण एक मीटर रुंदी. लक्ष्य दोन हजार मीटरवर असेल आणि गोळा पन्नास मीटर डावीकडे पडला असेल, तर तो पंचवीस मिलांचा फरक आहे, हे त्याने वहीत आकृती काढून मला समजावून सांगितले. तोंडी, क्षणात. मग मी त्याला रेडियन, म्हणजे गणितातले कोन मोजण्याचे एकक, समजावले : पूर्ण वर्तुळात २π, म्हणजे ६.२८३ रेडियन; रेडियनचा हजारावा भाग घेतला की ६२८३ भाग होतात; आणि भागाकार सोपा व्हावा म्हणून तोफखान्याने त्याचे ६४०० केले. तो बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे चार वर्षे मी हेच करत होतो.”

हाच विद्यार्थी त्या वेळी क्रेडिट नसलेल्या वर्गात अपूर्णांक शिकत होता.

त्यानंतर मी त्याच्या सवलतीची माहिती काढली. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने देण्याच्या कायद्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. त्याने त्याला शिक्षणासाठी एकूण ३६ महिने मिळाले आहेत. पदवीची चार वर्षे, दर वर्षी शिक्षणाचे नऊ महिने. गुणाकार केला की बरोबर ३६ येतात. याचा अर्थ असा की एखादा विषय राहिला, शाखा बदलली किंवा पूर्वतयारीत एक सत्र गेले, तर शेवटचे सत्र खिशातून भरावे लागते. आमच्या विद्यापीठात नोव्हेंबरमध्ये माजी सैनिक दिनाला ध्वज लागतात, भाषणे होतात, सामन्याच्या मध्यंतरात माजी सैनिकांना उभे करून टाळ्या वाजवल्या जातात. त्या टाळ्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. पण त्याच विद्यापीठाला या माणसाचे चार वर्षांचे शिक्षण मोजता आले नाही, आणि त्याच्या ३६ महिन्यांतले चार महिने त्याला आधीच येत असलेल्या गोष्टीवर खर्च झाले. विद्यापीठ या विद्यार्थ्यांचे नेमके काय देणे लागते, हा माझा प्रश्न आहे.

खिडकी_तीन

अनुस्वार, आपण अगदी वर्मावर बोट ठेवले आहे. मी अशाच एका विद्यापीठात माजी सैनिकांच्या नावनोंदणीचे प्रमाणीकरण करते. विद्यार्थ्याने कोणते विषय घेतले, ते त्याच्या पदवीत बसतात का आणि त्याचा भार पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, हे मी माजी सैनिक विभागाला, म्हणजे व्हीएला कळवते आणि त्यावरून पैसे सुटतात. रोज खिडकीशी जे दिसते ते सांगते, कारण प्राध्यापकांना यातले फारसे ठाऊक नसते, आणि तो दोष त्यांचा नाही.

सध्याचा कायदा २००८ साली झाला आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर ज्याने एकूण ३६ महिने सक्रिय सेवा केली त्याला पूर्ण लाभ मिळतो. किमान ९० दिवसांच्या सेवेवर तो ५० टक्क्यांपासून सुरू होतो. पूर्ण लाभ असेल तर सरकारी विद्यापीठाचे राज्यातील रहिवाशांसाठीचे संपूर्ण शिक्षणशुल्क, पुस्तकांसाठी वर्षाला १००० डॉलरपर्यंत रक्कम आणि घरभाडे भत्ता मिळतो. हा भत्ता विद्यार्थी जिथे वर्गात बसतो त्या भागातील सार्जंट हुद्द्याच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाच्या दराने ठरतो. ऐकायला हे उदार वाटते आणि ते आहेही. अडचण बारीक अटींत असते.

पहिली अट अशी की जो विषय पदवीच्या आराखड्यात नाही, त्याचे पैसे व्हीए देत नाही. अठरा वर्षांचा मुलगा कुतूहलाने तत्त्वज्ञानाचा एखादा वर्ग घेऊन पाहतो. माजी सैनिकाला असे पाहण्याची मुभा नाही. निम्म्यापेक्षा जास्त भार नसेल तर घरभत्ता थांबतो. सगळे विषय ऑनलाइन घेतले तर राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच भत्ता मिळतो, म्हणून घरी लहान मूल असलेला विद्यार्थीसुद्धा एक तरी विषय वर्गात बसून घेण्यासाठी धडपडतो. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत भत्ता नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत घरभाडे मात्र थांबत नाही, आणि दर जानेवारीत माझ्या खिडकीशी येणाऱ्यांत पहिला प्रश्न तोच असतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो विषय मध्येच सोडल्याने. एखादे प्राध्यापक चांगल्या मनाने सल्ला देतात : “नापास होण्यापेक्षा विषय सोडून दे, गुणपत्रिका स्वच्छ राहील.” इतर विद्यार्थ्यांसाठी तो सल्ला योग्य असेलही. माजी सैनिकाने तसे केले की व्हीए त्या विषयासाठी दिलेले पैसे सत्राच्या पहिल्या दिवसापासून परत मागू शकते. पहिल्यांदा सोडलेल्या सहा क्रेडिटांपर्यंत एकदाच माफी मिळते. त्यानंतर आजारपण, बदली, घरातील मृत्यू अशी कारणे कागदोपत्री दाखवावी लागतात. एक विद्यार्थिनी कर्जाचे पत्र हातात घेऊन माझ्यापुढे उभी होती आणि पुन:पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, “मला सरांनीच सांगितले होते.” विषय सोडण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी प्राध्यापकांनी “तुम्ही जीआय बिलावर आहात का?” एवढे जरी विचारले, तरी अशी कितीतरी पत्रे टळतील.

आता क्रेडिटांबद्दल. लष्कर, नौदल, मरीन आणि तटरक्षक दलातील प्रशिक्षणाची एक संयुक्त गुणपत्रिका असते. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था प्रत्येक अभ्यासक्रम तपासून ‘यासाठी इतकी क्रेडिटे द्यावीत’ अशी शिफारस करते. हवाई दलाचे स्वतःचे कम्युनिटी कॉलेज १९७२ पासून आहे आणि ते दोन वर्षांची पदवीही देते. परंतु शिफारस ही शिफारसच असते. ती मानायची की नाही, हे विद्यापीठ ठरवते. बहुतेक वेळा होते असे की वीस-पंचवीस क्रेडिटे मान्य होतात, पण ‘मुक्त ऐच्छिक’ या खात्यात जमा होतात. पदवीला मुक्त ऐच्छिक विषयांची गरज सहा क्रेडिटांची असेल, तर बाकीची निव्वळ शोभेची. त्यातही धोका आहे. केंद्रीय आर्थिक साहाय्यासाठी ‘समाधानकारक प्रगती’ मोजताना पदवीच्या दीडपट क्रेडिटांची कमाल मर्यादा असते आणि मान्य केलेली ही निरुपयोगी क्रेडिटेही त्यात धरली जाऊ शकतात. म्हणून क्रेडिट किती मिळाले, यापेक्षा ते कोणत्या विषयाच्या जागी मिळाले, हे विचारायला हवे. आणि ते ठरवण्याचा अधिकार माझ्या खिडकीला नाही. तो आपल्यासारख्या प्राध्यापकांच्या विभागाला आहे.

समांतर

मी अभियांत्रिकी शिकवतो. धाग्याच्या हेतूबद्दल आदर राखून दोन गोष्टी मांडतो.

माझ्या वर्गात रात्रपाळी करून येणारी नर्स आहे, दोन मुलांची एकटी आई आहे, वडिलांचे दुकान सांभाळणारा तिशीचा माणूस आहे. त्यांनाही सगळ्यांपेक्षा मोठे असण्याचा संकोच वाटतो, तेही दमलेले असतात, त्यांनाही अनुभवाचे क्रेडिट कोणी देत नाही. आणि त्यांच्यामागे कोणता कायदा किंवा स्वतंत्र केंद्रही नाही. मग विद्यापीठाने एकाच गटासाठी वेगळा विचार का करावा? दुसरी गोष्ट क्रेडिटांची. तोफखान्यातील विद्यार्थ्याला मिल कळतात, हे खरे. पण त्याला साइनचा नियम सिद्ध करता येतो का? फलन म्हणजे काय, हे सांगता येते का? कौशल्य आणि विषयाचे ज्ञान यांत फरक आहे. तो पुसून टाकला तर पुढच्या वर्गात तोच विद्यार्थी बुडतो, आणि मग त्याचे चार महिने नाही, वर्ष जाते. हे मी पाहिले आहे.

जनित्र

मी माजी सैनिक आहे. आईवडिलांबरोबर लहानपणी अमेरिकेत आलो, इथेच वाढलो, अठराव्या वर्षी लष्करात गेलो आणि पाच वर्षांनी बाहेर पडून विद्यापीठात दाखल झालो. मराठी घरी बोलतो. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

समांतर यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. त्या नर्सशी माझे जेवढे जमायचे तेवढे वर्गात दुसऱ्या कोणाशी जमत नसे, कारण आम्हा दोघांनाही झोपेची किंमत माहीत होती. तिच्यासाठी विद्यापीठाने काही केले तर माझे काहीच कमी होणार नाही.

पण एक फरक आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. मी पाच वर्षे जनित्रे दुरुस्त केली. लष्करात बहुतेक जण असेच काहीतरी करतात : कोणी ट्रक चालवतो, कोणी कोठार सांभाळतो, कोणी दात तपासतो. ओळख झाल्यावर वर्गातल्या मुलांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, “तू कोणाला मारलेस का?” आणि दुसरा, थोड्या हलक्या आवाजात, “तू बरा आहेस ना?” पहिल्या प्रश्नात मी त्यांच्यासाठी सिनेमातला माणूस होतो आणि दुसऱ्यात रुग्ण. युद्धावर चर्चा निघाली की प्राध्यापकांसह सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहायचा. मला त्या युद्धाच्या धोरणाबद्दल वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणाहीपेक्षा जास्त माहिती नव्हती. युद्धाने मनावर जखम झालेले सोबती मला आहेत आणि त्यांना मदत लागते. पण प्रत्येक माजी सैनिकाकडे त्या संशयाने पाहिले, की ज्याला खरोखर मदत हवी असते तोही तोंड उघडत नाही.

मला जड गेला तो एकटेपणा. लष्करात सकाळी साडेसहाला शेजारी कोण उभा असेल हे माहीत असते. तुम्ही आला नाहीत तर पाच मिनिटांत कोणीतरी दार ठोठावतो. विद्यापीठात मी पहिल्या सत्रात सलग दोन आठवडे एका वर्गाला गेलो नाही आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. ते स्वातंत्र्य आहे हे मला कळत होते, पण त्याचे करायचे काय, हे कळत नव्हते. गटाने प्रकल्प करायचा तर मी कामे वाटून, वेळा ठरवून द्यायचो आणि मुलांना तो हुकूम वाटायचा. दिलेली वेळ पाळली नाही तरी काही बिघडत नाही, हे पचवायला मला वर्ष लागले.

माजी सैनिकांच्या केंद्रात एक जुना सोफा, फुकट छपाई करून देणारे यंत्र आणि दिवसभर चालू असलेली कॉफी, एवढेच होते. पण तिथे गेले की कोणी मला समजून घेण्याचा प्रयत्न करत नसे, आणि मला तेच हवे असे. तिथल्याच एकाने मला सांगितले की अमुक विषय सोडू नको, कर्ज अंगावर येईल. ती माहिती मला एकाही अधिकृत माणसाने दिली नव्हती.

दीपस्तंभ

जनित्र यांच्या लिखाणात मला एक भर घालायची आहे. मी नौदलात सहा वर्षे रडारची तंत्रज्ञ होते. ज्या केंद्रात त्यांना सोफा आणि कॉफी मिळाली, तशाच एका केंद्रात मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारले, “नवऱ्याच्या सवलतीवर शिकताय का?” प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, कारण जोडीदाराला किंवा मुलांना हा लाभ हस्तांतरित करता येतो आणि तशा अनेक जणी तिथे येतात. पण मी परत त्या खोलीत गेले नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांत सुमारे दहा टक्के महिला आहेत. आमच्यापैकी पुष्कळ जणी वर्गात सैन्याचा उल्लेखच करत नाहीत, कारण उल्लेख केला की आधी अविश्वास आणि मग कौतुक, अशा दोन पायऱ्या दर वेळी चढाव्या लागतात. सल्लागारांना माझी एकच विनंती आहे. अर्ज भरताना “तुम्ही माजी सैनिक आहात का?” असे न विचारता “तुम्ही सैन्यात सेवा केली आहे का?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी दुसऱ्याला ‘हो’ म्हणतात.

पूर्वसूरी

चर्चा वर्तमानावर चालली आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडे मागचे सांगतो, कारण समांतर यांची शंका १९४४ सालीही होती आणि ती फार मोठ्या माणसांना होती.

पहिले जीआय बिल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही करून मंजूर केले. त्याचा पहिला मसुदा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे माजी प्रमुख हॅरी कोलमेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर हाताने लिहिला. शिक्षणशुल्कासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत आणि निर्वाहासाठी अविवाहिताला महिना ५० डॉलर, कुटुंब असलेल्याला ७५ डॉलर, अशी तरतूद होती. हेतू केवळ कृतज्ञतेचा नव्हता. लाखो सैनिक एकाच वेळी परत आले तर बेकारी उसळेल, ही भीती मोठी होती. पहिल्या महायुद्धानंतर बोनससाठी १९३२ मध्ये राजधानीत ठाण मांडून बसलेल्या माजी सैनिकांना लष्कर घालून हुसकावले होते, ती आठवण ताजी होती.

हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना भीती वाटत होती की कमी कुवतीचे तरुण विद्यापीठांत लोटतील. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांना वाटत होते की विद्यापीठे ही बेकारांची आश्रयस्थाने होतील. घडले उलटेच. माजी सैनिक मन लावून शिकले, त्यांचे गुण इतरांपेक्षा चांगले येऊ लागले आणि कोनंट यांनी पुढे आपले मत मोकळेपणाने बदलले. १९४७ साली महाविद्यालयांत दाखल झालेल्यांत सुमारे निम्मे माजी सैनिक होते. १९५६ मध्ये ही योजना संपली, तोवर १ कोटी ६० लाख सैनिकांपैकी ७८ लाख जणांनी कोणते ना कोणते शिक्षण वा प्रशिक्षण घेतले होते, आणि त्यांतले सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले होते.

तेव्हा विद्यापीठांनी स्वतःला बदलले, हे इथे महत्त्वाचे आहे. त्याआधी अनेक महाविद्यालयांत लग्न झालेल्या विद्यार्थ्यांना थाराच नसे. आता लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी मैदानांवर उभ्या राहिल्या आणि दोरीवर लंगोट वाळू लागले. कोलंबिया विद्यापीठाने १९४७ मध्ये परतलेल्या सैनिकांना डोळ्यांपुढे ठेवून ‘स्कूल ऑफ जनरल स्टडीज’ला नवे रूप दिले आणि ते आजही त्याच कामासाठी ओळखले जाते. मुलींच्या व्हॅसर कॉलेजातही माजी सैनिक पुरुष शिकू लागले.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. कायद्यात वर्णभेद नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक कार्यालयांच्या हातांत होती. दक्षिणेतील विद्यापीठे कृष्णवर्णीय माजी सैनिकांना दारात उभी करत नव्हती, आणि कृष्णवर्णीयांची महाविद्यालये इतकी लहान व गरीब होती की त्यांना जागेअभावी अर्ज परत पाठवावे लागले. कागदावर सर्वांना सारखाच असलेला हक्क प्रत्यक्षात एकाला मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, तो या कार्यालयांमुळे. म्हणून खिडकी_तीन यांनी सांगितलेल्या बारीक अटींना मी बारीक मानत नाही.

व्हिएतनामच्या वेळी चित्र पुन्हा बदलले. १९६६ च्या कायद्याने पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना १०० डॉलर दिले, आणि त्यातूनच शुल्क भागवायचे होते. विद्यापीठांचे वातावरण युद्धविरोधाने तापलेले होते. त्या पिढीतील अनेकांनी आपण सैन्यात होतो हे सांगणेच टाळले. आजच्या टाळ्यांच्या मागे त्या काळाची अपराधी भावना आहे, असे मला वाटते. आणि टाळ्या वाजवणे हे हिशेब करण्यापेक्षा सोपे असते.

सहचरी

आतापर्यंत सगळे सेवा संपलेल्यांबद्दल बोलले. माझे पती नॅशनल गार्ड या अर्धवेळ सैन्यदलात आहेत, म्हणजे विद्यार्थीही आणि सैनिकही. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे सराव असतो. नेमकी त्याच शनिवारी प्रयोगशाळेची परीक्षा आली की प्रत्येक वेळी नव्या प्राध्यापकांना नव्याने समजावून सांगावे लागते.

दोन वर्षांपूर्वी सत्राच्या नवव्या आठवड्यात त्यांना बोलावणे आले. दहा दिवसांत निघायचे होते. चार प्राध्यापकांपैकी एकांनी झालेल्या कामावर गुण दिले, दोघांनी ‘अपूर्ण’ असा शेरा देऊन नंतर पूर्ण करण्याची मुभा दिली, आणि चौथ्यांनी सांगितले की नियम सर्वांना सारखा आहे, हजेरी नसेल तर नापास. त्या दहा दिवसांत आम्ही मृत्युपत्र केले, मुलीच्या शाळेत कागद दिले, गाडी विकली, आणि याच दहा दिवसांत ते रोज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात त्या एका विषयासाठी फिरत होते. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार सेवेसाठी गेलेल्या विद्यार्थ्याला परत त्याच शैक्षणिक स्थानावर प्रवेश द्यावा लागतो. एकूण अनुपस्थिती पाच वर्षांपर्यंत चालते. पण तो कायदा परत येण्याबद्दल आहे. अर्धवट राहिलेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगांचे काय करायचे, हे त्यात नाही. ते परत आले तेव्हा ‘अपूर्ण’ शेरा दिलेल्या दोन प्राध्यापकांपैकी एक विद्यापीठ सोडून गेले होते.

मला सहानुभूती नको आहे. एक पानाचा लेखी नियम हवा आहे, जो बोलावणे येण्याच्या आधीपासून अस्तित्वात असेल.

समांतर

सहचरी, आपला प्रतिसाद वाचून मी आज आमच्या विभागाची नियमपुस्तिका पाहिली. असा नियम आमच्याकडे नाही. पुढच्या बैठकीत मी तो मांडणार आहे, आणि तो नर्सला आणि एकट्या आईलाही लागू व्हावा असाच लिहिणार आहे, म्हणजे अचानक आलेली अपरिहार्य अनुपस्थिती, कारण कोणतेही असो.

क्रेडिटांबद्दलचे माझे मत मात्र मी सोडलेले नाही. कौशल्यावरून विषय माफ करू नये.

खिडकी_तीन

समांतर, माफ करू नका, तपासून पाहा. विभागाने परीक्षा ठेवावी. उत्तीर्ण झाला तर विषय झाला असे धरावे, नाही तर त्याने वर्गात बसावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त सत्र सुरू होण्याच्या आधी परीक्षा घ्यावी लागते. एकदा नावनोंदणी झाली की महिने खर्च होऊ लागतात. दुसरे, प्रवेशाची चाचणी ज्याला शाळा सोडून आठ वर्षे झाली त्याला पूर्वसूचना न देता पहिल्याच दिवशी देऊ नये. दोन आठवडे उजळणीला दिले तर निकाल किती बदलतो, हे मी पाहिलेले आहे.

धागा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांना लाभ वापरण्याची पंधरा वर्षांची मुदत आता लागू नाही. २०१७ चा जो कायदा कोलमेरी यांच्या नावाने ओळखला जातो त्याने ती काढली. त्यामुळे घाईने चुकीची शाखा धरू नका. आणि ज्यांची सेवा दोन स्वतंत्र कालखंडांत झाली आहे व ज्यांना जीआय बिलाच्या जुन्या माँटगोमेरी योजनेचाही हक्क आहे, त्यांनी आपले पत्र पुन्हा तपासून घ्यावे. रुडिसिल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या निकालानुसार अशांना दोन्ही मिळून ४८ महिन्यांपर्यंत लाभ मिळू शकतो. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींना भुलून प्रवेश घेऊ नका. २०१६ मध्ये आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट एकाएकी बंद पडली तेव्हा हजारो विद्यार्थी मध्येच अडकले, आणि त्यांत माजी सैनिक पुष्कळ होते. त्यांचे वाया गेलेले महिने परत मिळावेत, यासाठीची तरतूदही २०१७ च्याच कायद्यात करावी लागली.

जनित्र

अनुस्वार, तुमच्या त्या विद्यार्थ्याला एक विचारा : त्याने वही दाखवली, ती आणखी कोणाला दाखवली आहे का? मी माझ्या जनित्रांच्या नोंदवह्या घरी पेटीत ठेवल्या होत्या. विद्युत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी एका प्राध्यापिकेने मी भाराचे गणित कसे करतो ते पाहून विचारले, “हे कुठे शिकलात?” त्या प्रश्नाला मला पहिल्यांदाच खरे उत्तर देता आले.

अनुस्वार

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी त्याच्याशी बोलले. वही त्याने कोणालाच दाखवली नव्हती.

समांतर, आपली शंका मी त्याच्यापुढे जशीच्या तशी ठेवली. साइनचा नियम त्याला सिद्ध करता आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. नियम वापरता मात्र आला, आणि सिद्धता समजायला त्याला पाऊण तास लागला. खिडकी_तीन यांच्या सूचनेप्रमाणे आमच्या विभागाकडे मी अर्ज लिहिला आहे : संयुक्त गुणपत्रिकेत तोफखान्याचे वा सर्वेक्षणाचे प्रशिक्षण असलेल्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीच्या विषयासाठी सत्र सुरू होण्यापूर्वी परीक्षा देता यावी, आणि उत्तीर्ण झाल्यास क्रेडिट त्या विषयाच्याच जागी जमा व्हावे, मुक्त ऐच्छिकात नव्हे. चाचणीआधी दोन आठवड्यांच्या उजळणीची मागणीही त्यात आहे. गेलेले चार महिने त्याला परत मिळणार नाहीत. त्रिकोणमिती पुढच्या सत्रात आहे, आणि ते अजून सुरू झालेले नाही.

समितीची बैठक मंगळवारी आहे. मिल आणि रेडियनची आकृती असलेले ते पान, वरच्या कोपऱ्यातल्या तारखेसह, त्याच्या परवानगीने अर्जाला जोडले आहे.